चार नंबरच्या खाटेवरचा कारकून

"वही उघड आणि लिहून घे," मी मितालीला म्हटलं. "आता जे सांगतो त्यावर जगात कुणाचा विश्वास बसणार नाही. तुझा तर बसूच नये. पण लिहून घे."

मिताली भोईटे म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधली मुलगी. नुकतीच बारावी झालेली, चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा घरभर शोधणारी. परवा तिची मुलाखत होती. फिजिशियन असिस्टंट नावाचा चार वर्षांचा कोर्स निघालाय म्हणे. पेशंटची हकिगत घ्यायची, तपासायचं, कागद तयार ठेवायचे आणि डॉक्टर दहा ठिकाणी पळत असताना आपण पेशंटपाशी थांबायचं. मुलाखतीत हमखास विचारतात, मग सरळ डॉक्टरच का नाही होत? मितालीनं उत्तर पाठ केलं होतं. 'लहानपणापासून समाजसेवेची आवड' इथून ते सुरू व्हायचं. मी दोन वाक्यं ऐकली आणि म्हटलं, "बाय, हे ऐकणाऱ्यालाच सलाईन लावावं लागेल."

"मग तुम्ही सांगा ना नाना, काय बोलू?"

आता आमच्या सोसायटीत माझ्याबद्दल निरनिराळ्या समजुती आहेत. वॉचमनला वाटतं, मी जंगलखात्यात होतो आणि एका बिबट्याला नावानं हाक मारायचो. दुसऱ्या मजल्यावरच्या बोधनकरांना वाटतं, मी दीपगृहावर नोकरीला होतो. मुलगा आणि सून या भानगडीत पडत नाहीत. मी मितालीला म्हणालो, "साठ वर्षांपूर्वी तुझा हा कोर्स एकदा निघाला होता. एका इस्पितळात, एकाच जागेसाठी. उमेदवार दोन. त्यातला एक मी."

"हे बिबट्याच्या आधी की नंतर?"

"आधी. लिही."

इस्पितळ आमच्या दक्षिण कोकणातलं, खाडीच्या काठावरचं, धर्मादाय. गावाचं नाव सांगत नाही. चौदा खाटा, एक नर्स आणि एकच डॉक्टर, हळदणकर. माणूस एवढा उंच की ऑपरेशनच्या खोलीतला दिवा त्यांच्यासाठी हातभर वर बांधून घ्यावा लागला होता. आवाज असा की पलीकडच्या काठावरचे पेशंट तो ऐकून होडीत बसायच्या आधीच निम्मे बरे व्हायचे.

"नाना."

"बरं, पाव हिश्शानं बरे व्हायचे."

त्या पलीकडच्या काठाचीच सगळी भानगड होती. तिकडे सात वाड्या, आणि दवाखाना इकडे. ओहोटी लागली की होडी चिखलात रुतून बसे. बाळंतीण अडो, साप चावो, भरती येईपर्यंत काठावर बसून राहायचं. त्या एका पावसाळ्यात तीन माणसं अशी वाट बघता बघता गेली. हळदणकरांनी वरती अर्ज केले, पण पलीकडे राहायला डॉक्टर कोण येतो? शेवटी ते वैतागून म्हणाले, आख्खा डॉक्टर मिळत नसेल तर अर्धा मी घरी तयार करतो. दोन वर्षं माझ्या हाताखाली शिकवतो आणि खाडीपलीकडे दवाखाना घालून बसवतो. नड पडली तर निशाण लावून मला बोलवायचं, बाकीचं तिथंच निभवायचं.

या जागेसाठी एकोणीस अर्ज आले. त्यातले दोघे उरले. एक मी. मॅट्रिक, पहिला वर्ग चार मार्कांनी हुकलेला, अक्षर मोत्यासारखं, बुशकोटाच्या खिशाला दोन पेनं. दुसरी शेवंती मडवळ.

"ती कोण?"

"इस्पितळाच्या चादरी धुणारी."

मिताली लिहायची थांबली. "धुणारी? आणि ती उमेदवार?"

मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं, असं मी तिला सांगितलं. शेवंती सातवी पास. बाप मडवळ, म्हणजे परीट. पंचक्रोशीतले कपडे त्यांच्याकडे यायचे. ही बावीस वर्षांची, काळीसावळी, पदर कमरेला खोचलेली, कमी बोलणारी. अर्ज दिला तेव्हा नर्सबाई तिला हसल्या होत्या. हळदणकर हसले नाहीत. कारण काठावर भरतीची वाट बघत गेलेल्या तिघांपैकी एक शेवंतीची थोरली बहीण होती. शेवंती तिचं डोकं मांडीवर घेऊन चार तास बसली होती, समोरचं इस्पितळ बघत. तिला ती जागा का हवी हे कुणी विचारायची गरज नव्हती. ही जागा मिळाली नाही तर ती जन्मभर इस्पितळाच्या चादरी धुणार, आणि पलीकडे कुणी परका जाऊन बसणार किंवा कुणीच जाणार नाही.

"आणि तुम्हाला का हवी होती?"

"मला पांढरा कोट शोभतो असं लोक म्हणायचे."

तर एके दिवशी दुपारी अडीचला हळदणकरांनी दोघांना खोलीत बोलावलं. पुढ्यात छापील कागद. त्यावर पेशंटला विचारायचे सत्तावीस प्रश्न.

"चार नंबरच्या खाटेवर काल संध्याकाळी एक माणूस आलाय," ते म्हणाले. "पोटात कळा, उलट्या. अपेंडिक्स आहे. चार वाजता मी कापणार. त्याआधी तुम्ही दोघं वेगवेगळे जाऊन त्याची कहाणी घेऊन या. ज्याची कहाणी खरी, त्याची जागा."

मी विचारलं, "डॉक्टर, निदान झालंय तर कहाणी कशाला?"

हळदणकरांनी माझ्याकडे असं बघितलं की माझं एक पेन खिशातच गळायला लागलं.

"माझ्या हातात सुरी असते," ते म्हणाले. "सुरी हातात आली की माणसाला ऐकू कमी येतं. मलासुद्धा. म्हणून तर मला दुसरं माणूस हवंय. ज्याच्या हातात काही नाही असं."

मिताली मान खाली घालून भराभर लिहीत होती. हे वाक्य तिनं दोनदा अधोरेखित केलं. मी पाणी प्यायलो.

आता चार नंबर. त्याचं नाव मी सांगणार नाही. पेशंटचं नाव बाहेर सांगू नये, ही हळदणकरांची शिकवण. पण माणूस म्हणशील तर काय सांगू तुला! चोवीस वर्षांचा, नाकीडोळी नीटस, केस कुरळे, वर्ण केतकी. एवढ्या कळा येत होत्या, पण कण्हणं कसं सुरेल. कळ आली की उजवा हात कपाळावर उलटा ठेवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "हे भगवंता, किती रे अंत पाहशील!" शेजारच्या खाटेवरचा हर्नियावाला म्हातारा त्याच्याकडे बघत स्वतःचं दुखणं विसरला होता.

"फार आवडलेला दिसतो तुम्हाला हा पेशंट," मिताली म्हणाली.

"छाप पडायचीच त्याची. पुढे ऐक."

त्याच्या उशाशी स्टुलावर एक गृहस्थ छत्री धरून बसलेले. तेंडोलकर मास्तर, शेजारच्या गावच्या प्राथमिक शाळेचे हेडमास्तर. त्यांच्या मुलीशी चार नंबरचं लग्न ठरलं होतं, बारा दिवसांवर आलं होतं. होणारा जावई रस्त्यात पोट धरून बसला तेव्हा मास्तरांनीच त्याला बैलगाडीत घालून आणलं होतं. आणल्यापासून ते स्टुलावरून हलले नव्हते.

मी कागद काढला, पेन उघडलं. "व्यवसाय?"

"कारकून," चार नंबर म्हणाला. भाषा शुद्ध, अगदी धुतलेली. "सहकारी सोसायटीत लेखनिकाचं कार्य करतो."

"हो, हो," मास्तर म्हणाले. "आम्ही चौकशी केलीय. सरळ मुलगा. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही."

"आहार?"

"दोन वेळा भात, आमटी. भाजीला तेल कमी," मास्तरच म्हणाले.

"झोप?"

"रात्री नऊला निजतो, पहाटे पाचला उठतो," चार नंबर म्हणाला, आणि मास्तरांनी कौतुकानं मान डोलावली.

"दुखणं कधीपासून?"

"तीन दिवस."

"शौचाला?"

इथं चार नंबर लाजला. मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं. "नियमित," तो म्हणाला.

असे सत्तावीस प्रश्न मी वीस मिनिटांत उरकले. सत्तावीस उत्तरं, एकही खाडाखोड नाही. कागद इतका सुंदर दिसत होता की फ्रेम करून लावावा. आणि मिताली, त्या कागदावरचं एकही उत्तर खरं नव्हतं. तारखेशिवाय एक अक्षर खरं नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तेच तर सांगतोय."

मी बाहेर आलो तर शेवंती आत चाललेली. हातात कागद नाही, पेन नाही. खांद्यावर एक धुतलेला उशीचा अभ्रा. मला वाटलं, हिला काय विचारायचं ते सुचत नाही म्हणून ही आपलं रोजचं काम करायला आली. मी मजा बघायला पडद्याआड उभा राहिलो.

"परीक्षा असताना? दुसऱ्या उमेदवाराच्या वेळेला?"

"अगं, पडदा होता. पडदा असला की माणूस आड उभा राहतोच."

शेवंती आली आणि उभी राहिली. विचारलं काहीच नाही. चार नंबर पालथा झोपला होता, उशी पोटाखाली दाबून. तिनं हळूच ती उशी काढून घेतली, अभ्रा उतरवला, नवा घातला. उतरवलेला अभ्रा उजेडात धरला. मग नाकाशी नेला. त्यावर एका कडेला बोटभर लांब तांबूस डाग होता. रक्तासारखा, पण रक्ताचा नव्हे. तिनं नखानं खरवडला, आणि मग पहिल्यांदाच पेशंटच्या तोंडाकडे नीट बघितलं. तोंडाकडे म्हणजे कानाच्या मागं.

मग ती मास्तरांकडे वळली. "मास्तरांनू, तुमचो चष्मो लांबचो काय जवळचो?"

"लांबचा. का गं?"

"मगे एक काम करा. थंय ओसरीर भरतीचो तक्तो टांगलेलो असा. पुढचे पंधरा दिवस भरती कधी कधी येता, तां माका उतरून देवा. डॉक्टरांका होया. माजा अक्षर वायट."

मास्तरांना अक्षर म्हटल्यावर राहवेना. छत्री काखेत घेऊन ते ओसरीवर गेले. पंधरा दिवसांच्या भरत्या म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती. शेवंतीनं स्टूल जवळ ओढलं, बसली, आणि इकडे तिकडे बघून बारीक आवाजात विचारलं,

"खंयच्या कंपनीत काम करतंस?"

चार नंबर म्हणाला, "सोसायटीत. कारकून आहे मी."

"कारकुनाच्या कानामागं हिंगूळ कसो रे?"

चार नंबरचा हात आपोआप कानामागं गेला.

आता तू कोकणातली नाहीस, म्हणून सांगतो. आमच्याकडे दशावतार असतो. देवळापुढं जत्रेत रात्रभर नाटक. सगळ्या भूमिका पुरुषच करतात, बायकांच्यासुद्धा. ना लिहिलेली वाक्यं, ना पाठांतर. तोंडाला रंग फासला की जे तोंडात येईल ते बोलायचं, आणि ते लोकांना खरं वाटायला पाहिजे. त्या वेळी रंग तरी कसले? चेहऱ्याला सफेदा आणि मुर्दाडशिंग, गालाला आणि ओठांना हिंगूळ, खोबरेल तेलात कालवून. सगळी दुकानात मिळणारी पूड. आणि या दशावतारी कंपन्यांचे कपडे जत्रेच्या दिवसांत धुवायला कुणाकडे यायचे? शेवंतीच्या बापाकडे. तिनं लहानपणापासून ते डाग दगडावर घासले होते.

"ह्यो डाग साबणान जाणा नाय," ती चार नंबरला म्हणाली. "लिंबान जाणा नाय, राखेन जाणा नाय. तुज्या कानामागसून खंय जातलो?"

"हळू बोल," तो म्हणाला. पुस्तकी भाषा त्याच्या तोंडातून पळून गेली. "हळू बोल गो बाय, तुज्या पाया पडतंय. मास्तरांका कळला तर लगीन मोडात. त्यांनी आधीच सांगल्यानी हा, तोंडाक रंग लावणाऱ्याक मी पोरगी देवचंय नाय. त्यातनी मी बाईचा काम करतंय."

"खंयच्या बाईचा?"

"द्रौपदी. कधी तारामती."

शेवंती म्हणाली, "बरां करतस?"

"लोक रडतत," तो म्हणाला, आणि एवढ्या कळांतसुद्धा त्याचा चेहरा खुलला.

"किती म्हयने करतस?"

"तीन वर्सां. यंदा पाच म्हयने रोज. एका गावातली जत्रा आटपली की दुसऱ्या गावात."

"रंग तोंडात जाता?"

"भुवई बारीक होयी तर काडी ओठात धरून टोक काढूक लागता. ओठार तर असताच. सकाळी कंटाळो आयलो तर तसोच निजतंय."

"आणि पोटात कधीसून दुखता? तीन दिवस म्हणू नको."

"दिवाळीसून. येता, जाता. तोंडाक लोखंड चाटल्यासारखी चव येता. आणि…" तो पुन्हा लाजला. "परसाकडे जावन आज सात दिवस झाले."

"माज्याकडं कागद नाय," शेवंती म्हणाली. "तू सांग सगळा. मी ध्यानात ठेवतंय."

मग तिनं त्याच्या पोटावर हात ठेवला. या इस्पितळात अपेंडिक्सचे पेशंट तिनं किती बघितले होते! डॉक्टर बघायचे पोट, ही बघायची चादर. अपेंडिक्सवाला माणूस चादर बदलायला नुसतं कुशीवर वळ म्हटलं तरी ओरडतो, पोटाला बोट लावू देत नाही. हा काल संध्याकाळपासून पालथा झोपून उशी पोटात खुपसत होता. तिनं तळवा दाबला. आणखी दाबला. चार नंबर ओरडला नाही. त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "तसोच ऱ्हवांदे."

ती उठली आणि थेट हळदणकरांच्या खोलीकडे निघाली.

"आणि तुम्ही?" मितालीनं विचारलं. "पडद्याआडून तुम्ही पण गेलात?"

"मी? मी आपला… आधीच माझा कागद देऊन आलो होतो. माझं काम झालं होतं."

खोलीत काय झालं ते नर्सबाईंनी नंतर दहा वेळा सांगितलं, प्रत्येक वेळी थोडं वाढवून. हळदणकर हात धुवायला निघाले होते. पावणेचार झाले होते. शेवंती दारात उभी राहून म्हणाली, "डॉक्टरानू, कापू नका." धुण्याच्या बाईनं डॉक्टरला कापू नका म्हणायचं! नर्सबाईंच्या हातातलं तसराळं पडलं. हळदणकर म्हणाले, "कारण सांग. दोन मिनिटं." तिनं कारण सांगितलं. द्रौपदीचा रंग, काडी, पाच महिने, लोखंडाची चव, सात दिवस. पोट दाबलं तर बरं वाटतं. आणि शेवटी म्हणाली, "आमच्या वाडीत एक रंगारी होतो. दारांक शेंदूर लावी. त्येका असांच होय. त्येचो हातय पुढे लुळो पडलो. तुमीच तपासलात त्येका, मेल्यानंतर."

हळदणकरांनी टॉर्च घेतली आणि ते वॉर्डात आले. चार नंबरला म्हणाले, "तोंड उघड, द्रौपदी." खालचा ओठ खाली ओढला. हिरड्यांच्या कडेनं, दातांच्या बुडाशी, शिसपेन्सिलीनं ओढावी तशी काळीनिळी रेघ होती. अंगात शिसं भिनलं की उमटते ती. मुर्दाडशिंग म्हणजे शिसंच की. माणूस रोज रात्री द्रौपदी होत होता आणि रोज रात्री चिमूटभर शिसं खात होता.

"ही रेघ काल मी बघितली नाही," हळदणकर म्हणाले. ते वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले. मग नर्सबाईंना, "कॅल्शियमचं इंजेक्शन काढा. शिरेतून, अगदी सावकाश. ऑपरेशन नाही."

आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "द्रौपदी?"

तेंडोलकर मास्तर. हातात पंधरा दिवसांच्या भरत्यांचा कागद. कधी येऊन उभे राहिले होते कुणाला कळलं नव्हतं. चार नंबरनं चादर डोक्यावरून ओढली.

मास्तरांनी चादर खाली केली. "गेल्या वर्षी आमच्या जत्रेला वस्त्रहरण होतं. ती द्रौपदी तू?"

आयुष्यात पहिल्यांदा चार नंबरला खोटं सुचेना.

"होय," तो म्हणाला.

मास्तरांनी स्टुलावर बसून चष्मा पुसला. "माझी बायको गेली तेव्हा मी रडलो नव्हतो," ते म्हणाले. "मुलांसमोर रडू नये म्हणून. मग त्या रात्री त्या बाईनं कृष्णाला जी हाक मारली…" मग छत्री आपटून म्हणाले, "पण खोटं का बोललास, गाढवा? पोट कापून घेत होतास!"

"लग्न झालं?" मितालीनं विचारलं.

"महिन्यानं पुढं ढकललं. झालं. एका अटीवर. रंग बदलायचा, काडी तोंडात घालायची नाही, आणि सासऱ्यांना पहिल्या रांगेत जागा."

"आणि ती जागा? दवाखान्याची?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं, आणि मी त्याची तयारी करून बसलो होतो. मी आवाज खाली आणला. संध्याकाळी हळदणकरांनी दोघांना बोलावलं, म्हटलं. टेबलावर माझा कागद, मोत्यासारखा. शेजारी काहीच नाही, कारण शेवंतीनं काही लिहिलंच नव्हतं. हळदणकर म्हणाले, नियमानं मॅट्रिकवाल्याचा हक्क पहिला. वरून विचारणा झाली तर मला उत्तर द्यावं लागेल. आणि मग, मिताली, मी उभा राहिलो. खिशातली दोन्ही पेनं काढून शेवंतीपुढं ठेवली आणि म्हणालो, "डॉक्टर, ही जागा हिची. मला माणसाच्या तोंडावरचा रंग दिसला नाही, हिला कानामागचा दिसला." खाडीवरून वारा आला. हळदणकरांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"इतके चांगले होतात तुम्ही?"

"त्या वयात सगळेच असतात."

"मग ती शिकली?"

"दोन वर्षं शिकली. लिहायलाही शिकली, तिरकं का होईना. मग एकतीस वर्षं पलीकडच्या काठावर होती. नड पडली की निशाण चढवायची. पहिल्या वर्षी बेचाळीस वेळा चढलं, शेवटच्या वर्षी तीनदा. सात वाड्यांतली निम्मी माणसं तिच्याच हातात जन्मली. ओहोटीत काठावर बसून कुणी गेलं, असं पुन्हा झालं नाही."

हे सांगताना माझा आवाज खराच खाली आला. मितालीनं वही मांडीवर घेतली, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. "मला सापडलं काय बोलायचं ते," ती म्हणाली. "ज्याच्या हातात काही नाही असं माणूस. पण नाना, एक सांगा. तपासणी पण विचारतात मुलाखतीत. तिनं पोट दाबलं म्हणजे नेमकं कसं दाबलं? बोटांनी?"

"छे! बोटांनी नव्हे. पूर्ण तळवा." मी सोफ्यावर मागं रेललो, स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवला. "असा. आधी नुसता ठेवायचा. मग तोल हळूहळू सोडायचा त्यावर. तिचा हात म्हणजे बर्फ गं. दिवसभर पाण्यात असायचा ना! आधी अंगावर सरसरून काटा येतो. मग तो गारवा आत आत उतरतो, आणि ती जी पिळवटणारी कळ असते, दोरी पिळल्यासारखी बेंबीपाशी, ती एकेक पेड सुटत जाते. माणसाला वाटतं, आता हिनं हात उचलू नये. वर छताकडं बघत पडून राहावं, तिथं कौलांतून एक कवडसा यायचा, तो मोजत…"

मी थांबलो, कारण मितालीच्या पेनाचा आवाज थांबला होता.

ती माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडाकडे नव्हे, पोटावरच्या हाताकडे.

"नाना, हात शेवंतीचा," ती सावकाश म्हणाली. "पोट चार नंबरचं. मग काटा कुणाच्या अंगावर आला?"

"अगं, पडद्याआडून मला स्पष्ट…"

"पडद्याआडून हात गार लागत नाही! साफ खोटं बोलताय तुम्ही. मॅट्रिकवाला उमेदवार दुसराच कुणीतरी होता. चार नंबरच्या खाटेवर तुम्हीच होतात!"